साडूभाऊ आणि फळं उतरवायचं यंत्र

माझ्या थोरल्या साडूंना आयुष्यात एकही झाड नुसतं झाड म्हणून दिसलं नाही. आपल्याला आंब्याचं झाड दिसलं की मोहर दिसतो, कैऱ्या दिसतात, गेला बाजार सावली तरी दिसते. साडू झाडाखाली थांबत, मान मागे टाकत, एक डोळा मिटत आणि म्हणत, "पोचेल." किंवा, "नाही पोचणार. बुंध्यापाशी चाकाला जागा नाही." ठाण्याला, नौपाड्यात आमच्याकडे जेवायला यायचे, तेव्हा स्टेशनपासून घरापर्यंत लागणारी सगळी झाडं अशी निकालात काढत यायचे आणि इकडे आमटी दोनदा गरम व्हायची. नारळाविषयी तर त्यांचं मत फारच वाईट होतं. अलिबागला आमच्या एका नातेवाइकांच्या वाडीत, त्यांनीच दिलेलं शहाळं पिता पिता, "यंत्राच्या दृष्टीने बघाल तर नारळ हे फळच नव्हे," असं त्यांनी त्या गृहस्थांना तोंडावर सांगितलं. पुढच्या खेपेला त्या घरी आम्हाला पाण्यावर भागवावं लागलं.

तसा हा माणूस जन्मापासून असा नव्हता. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीशी, म्हणजे ताईंशी, लग्न झालं तेव्हा ते वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, डोंबिवलीला दोन खोल्यांत राहत होते आणि काडीसारखे बारीक होते. टोकदार पेन्सिल आणि कडक चहा याखेरीज त्यांना कसली आवड नव्हती. बिघडले ते ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी, एका रविवारी. खिडकीला लोखंडी जाळी करायची म्हणून स्वस्तात सळया मिळतील का बघायला ते कल्याणजवळ मोहन्याच्या बाजूला एका भंगारवाल्याकडे निघाले आणि उचलायला कोणीतरी हवं म्हणून मला बरोबर घेतलं. मी का गेलो हे मला आजवर कळलेलं नाही. त्या रविवारपासून पुढची कितीतरी वर्षं माझा रविवार माझा राहिला नाही, एवढं मात्र कळलं.

भंगाराच्या ढिगामागे ते उभं होतं. तीन चाकं, मागे लहानसं पेट्रोलचं इंजिन, मधून वर गेलेला एक लांब लोखंडी हात आणि त्या हाताच्या टोकाला, माणूस कमरेपर्यंत मावेल असं पत्र्याचं पिंप. वर कोंबड्यांची घाण आणि गंज यांचा असा काही थर होता की मूळ लोखंड कुठलं ते ओळखू येऊ नये. "म्युन्सिपाल्टीचं असेल साहेब, दिव्याचे बल्ब बदलायचं," भंगारवाला म्हणाला. साडू पँट वर करून सरळ त्या पिंपात उतरले, पायांनी आत काहीतरी चाचपलं आणि त्यांचा चेहरा एकदम बदलला. पहिला मुलगा झाल्याची बातमी आली तेव्हासुद्धा तो इतका बदलला नव्हता, असं ताई सांगतात.

"साडूभाऊ, सगळी पेडलं पायाशी आहेत! पुढे, मागे, वर, खाली, सगळं पायाने. हातांना काही कामच ठेवलेलं नाही. का ठेवलं नसेल?"

"का?" मी विचारलं. पुढे मला या 'का'ची सवय झाली.

"अहो, हात मोकळे पाहिजेत! फळं तोडायला!"

सळया तिथेच राहिल्या. संध्याकाळी टेम्पोतून ते धूड डोंबिवलीला उतरलं तेव्हा ताई गॅलरीत उभ्या होत्या. त्यांनी वरूनच विचारलं, "जाळी आणायला गेला होतात ना?" साडू खालून म्हणाले, "जाळी काय, कधीही मिळेल." या दोन वाक्यांत त्यांच्या पुढच्या संसाराचं सार आलं.

त्या बिल्डिंगच्या आवारात यंत्र ठेवण्यावरून सोसायटीची जी सभा झाली तिला मी साडूंच्या बाजूचा माणूस म्हणून हजर होतो. त्या बाजूला दुसरं कोणी नव्हतं. सेक्रेटरींचं म्हणणं असं, की आवारात स्कूटर ठेवण्याचे नियम आहेत आणि बांधकाम करण्याचे नियम आहेत, पण हे वाहन की बांधकाम हेच कळत नाही. साडूंना वाटलं, हा कुतूहलाचा प्रश्न आहे. ते उभे राहिले आणि फळतोडणीचा इतिहास सांगू लागले. आधी माणूस झाडावर चढे. मग शिडी आली. मग बांबूला आकडी आणि जाळी बांधलेला झेला आला. आणि मग माणसाला वाटलं, आपणच उभ्या उभ्या झाडाच्या शेंड्याशी चालत गेलो तर? ते शिडीपर्यंत आले तेव्हा मंडळी जांभया देत होती, झेल्यापर्यंत निम्मी उठून गेली आणि यंत्रापर्यंत सेक्रेटरी आणि मी असे दोघेच उरलो. सेक्रेटरी माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही रोज ऐकता?" मी म्हटलं, "फक्त रविवारी." त्या माणसाच्या डोळ्यांत माझ्याविषयी खरी कणव दिसली आणि यंत्राला गणपतीपर्यंत मुदत मिळाली.

मग संशोधन सुरू झालं. यंत्राला डाव्या अंगाला एक पितळी पट्टी होती, तिच्यावरची निम्मी अक्षरं झिजून गेली होती. तिच्यावर कागद ठेवून, पेन्सिल घासून उठवलेले ठसे साडू खिशात बाळगत आणि कोणी परदेशी निघालं असं कळलं की त्याच्या घरी जाऊन एक ठसा हातात देत. माणूस दुबईला चाललाय की जपानला, सोन्यासाठी चाललाय की ऑपरेशनसाठी, हा तपशील त्यांना महत्त्वाचा वाटत नसे. माझा पुतण्या कॉम्प्युटर शिकायला अमेरिकेला गेला. त्याला निरोप द्यायला सगळे घरी जमलेले, माझी वहिनी डोळे पुसतेय आणि साडू त्याला बाजूला घेऊन सांगतायत, "सफरचंदाच्या बागा बघ. अभ्यास काय, होतोच." पोरगा गुणी. त्याने वर्षभराने एका बागेत उभं राहून फोटो काढून पाठवला. साडूंनी तो भिंगाखाली धरला आणि निराशेने माझ्याकडे सरकवला. "ही ओढून न्यायची शिडी आहे. ही स्वतः चालत नाही." पुतण्याच्या मागे उभी असलेली सोनेरी केसांची मुलगी त्यांना दिसलीच नव्हती. ती आम्हाला दिसली आणि घरात पुढे काय रामायण झालं ते वेगळं.

शेवटी कुठून कुठून त्या कंपनीचा पत्ता लागला. साडूंनी सुंदर वळणदार अक्षरात लांबलचक इंग्रजी पत्र धाडलं. बऱ्याच महिन्यांनी उत्तर आलं, की आम्ही आता गवत कापायची यंत्रं करतो, आपण म्हणता तसं काही आम्ही बनवत होतो हे इथे कोणाला आठवत नाही, तरी कृपया फोटो आणि माहिती पाठवावी, आम्हाला संग्रही ठेवायला आवडेल. दुसरा कोणी असता तर खचला असता. साडू ते पत्र घेऊन आमच्याकडे आले ते अक्षरशः उजळून. "म्हणजे बघा! आता कंपनीच मला विचारते!"

रंगाची कथा तर मी लग्नाकार्यात अजून सांगतो. यंत्रावरचे रंगाचे थर खरवडता खरवडता अगदी आत त्यांना मूळ रंगाचा एक कपचा सापडला. पिवळा म्हणावा तर पिवळा नाही, नारिंगी म्हणावा तर तोही नाही. तो कपचा आगपेटीत ठेवून ते कल्याणच्या बाजारातली रंगाची दुकानं पालथी घालत. सगळे दुकानदार त्यांना एकेक डबा दाखवत आणि साडू आगपेटी उघडून, बघून, मिटून निघून जात. पुढे आमच्या धाकट्या मेव्हणीच्या लग्नात, ऐन पंगतीत, ते मुलाकडच्या एका पोक्त बाईंच्या मागे उभे राहिलेले दिसले. हातात उघडी आगपेटी, नजर बाईंच्या पदरावर. बाई चमकल्या, त्यांचे यजमान पान टाकून उठले. साडू शांतपणे म्हणाले, "वहिनी, हे लुगडं कुठून घेतलंत? अगदी हाच रंग होता हो!" ताईंनी हातातलं श्रीखंडाचं भांडं खाली ठेवलं आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "तू सांग त्यांना. मी आज त्यांना ओळखत नाही." पण मला मानावं लागेल ते त्या बाईंना. लग्नकार्य आटोपल्यावर त्यांनी पदराच्या आतल्या बाजूचा चिंधीएवढा तुकडा पाकिटात घालून पाठवला आणि यंत्राला शेवटी तोच रंग लागला.

हे संशोधन पुढे वर्षानुवर्षं चाललं, गणपतीपर्यंतची मुदत मात्र त्या पहिल्याच गणपतीत संपली. मंडळाच्या मुलांनी तोरण बांधायला यंत्र मागितलं, साडूंनी आनंदाने यंत्राचा हात वर नेला आणि त्यातलं जुनं ऑईल सील फुटून सगळं काळं तेल खाली उभ्या असलेल्या सेक्रेटरींच्या पांढऱ्या झब्ब्यावर आलं. दुसऱ्या दिवशी सोसायटीची नोटीस आली.

तेव्हा धावून आले ते पाटील. डोंबिवलीच्या कडेला, खाडीच्या अंगाला त्यांची आंब्यांची वाडी होती आणि दर उन्हाळ्यात त्या बिल्डिंगमध्ये ते आंबे घेऊन यायचे. जातीचे आगरी, साठी कधीच उलटलेली, आणि एका पायाने अधू. काही वर्षांपूर्वी वाडीतल्या सगळ्यात उंच आंब्यावरून पडले होते, तेव्हापासून झाडावर चढणं बंद. आवारातल्या यंत्राभोवती त्यांनी लंगडत एक फेरी मारली आणि विचारलं, "ह्यो कनचा जनावर हाय सायेब?" साडूंनी सांगितलं. सगळंच सांगितलं, शिडी आणि झेल्यासकट. सबंध इतिहास उभ्याने ऐकून घेणारा तो मला भेटलेला पहिला आणि शेवटचा माणूस. ऐकून झाल्यावर ते, 'ड'चा 'र' करणाऱ्या आपल्या आगरी बोलीत, म्हणाले, "वारीत आन ह्याला. तिथं झारा हायेत. इथं ह्यो काय खाल?"

यंत्र वाडीत गेलं आणि माझी वणवण वाढली. आता रविवारी डोंबिवलीला उतरून पुढे चिखलातून चालायचं होतं. मी दमत होतो. ऑफिसात आठवडाभर मान मोडून, रविवारी कोणाच्या तरी पंपाचे बोल्ट धरून उभं राहायचं, "का?" विचारायचं, हात काळे करून परत यायचं. बायको म्हणायची, "सरळ नाही का म्हणत नाही तुम्ही?" पण नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो. आणि त्याच सुमारास साडूंचा कारखाना बंद पडला. आधी टाळेबंदी, मग नुसतं कुलूप. वागळे इस्टेटमध्ये तेव्हा अशी कुलपं बरीच दिसायला लागली होती. साडू सकाळी नेहमीच्या वेळेला डबा घेऊन घराबाहेर पडत आणि वाडीत जाऊन बसत. ताईंनी शिकवण्या सुरू केल्या. डबा मात्र त्या रोज भरून देत. एकदा मला म्हणाल्या, "भावोजी, त्यांना घरी बसलेलं बघण्यापेक्षा ते यंत्र परवडलं. तुम्ही येत जा हो रविवारी." त्यानंतर मी कंटाळण्याचा विषय मनातून काढून टाकला. दमणं काही गेलं नाही.

ज्या रविवारी ते यंत्र खऱ्या अर्थाने चाललं, तो वैशाखातला होता. पाटलांच्या मुलांनी वाडी बिल्डरला द्यायचं नक्की केलं होतं. हा शेवटचा बहर. साडूंनी कुठल्या रिक्षाचा ब्रेक, कुठल्या स्कूटरची केबल असं काय काय जोडून ("हे तात्पुरतं आहे हं, मूळचं नाही," असं ते त्या यंत्राचीच माफी मागितल्यासारखं म्हणत) इंजिन सुरू केलं, पिंपात उभे राहिले आणि पायाने पेडल दाबलं. यंत्र फुर्रर्र करत खरोखरच झाडाशी चालत गेलं. हात वर गेला. साडूंनी दोन्ही मोकळ्या हातांनी एक आंबा देठासकट तोडला आणि आम्हाला दाखवला. पाटलांच्या सुना, मुलं, शेजारचे आठदहा लोक जमले होते, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एक आंबा तोडायला इतकी वर्षं लागलेला माणूस जगात दुसरा नसेल.

साडू खाली आले तसे पाटील पुढे झाले. "मना नेशील वर?" त्यांनी विचारलं, आणि त्या उंच आंब्याकडे बोट दाखवलं. ज्याच्यावरून पडले होते, त्याच.

"बाबा, कायतरी काय!" त्यांचा मोठा मुलगा म्हणाला. "ह्या वयात?"

साडू घुटमळले. पिंप एका माणसाचं होतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? त्यांनी पाटलांकडे पाहिलं, स्वतःच्या पोटाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "आपण दोघं मिळून एकच आहोत. या."

दोघे काडीपैलवान एकमेकांना बिलगून त्या पिंपात उभे राहिले. यंत्र हळूहळू उंच आंब्याशी गेलं, हात वर, आणखी वर, शेंड्याच्या पानांत दोघांची डोकी दिसेनाशी झाली, आणि नेमकं तेव्हा इंजिन फडफडून बंद पडलं. खाली एकच गलका. पानांतून साडूंचा आवाज आला, "घाबरू नका, काही होत नाही, हात आपोआप खाली येत नाही! साडूभाऊ, मागे पंपाशी पितळी नळ आहे. तो हळूच पिळा, म्हणजे आम्ही उतरू. हळूच!"

मी धावत जाऊन तो नळ धरला. दोन माणसांचा जीव माझ्या मुठीत, आणि मला घरातला नळसुद्धा धड बंद करता येत नाही. आता पिळणार इतक्यात वरून पाटलांचा आवाज आला.

"थांब रं खालच्या. हात नको लावू."

मी थांबलो. सगळे थांबले. वर थोडी सळसळ झाली. मग पाटील बोलू लागले, आमच्याशी नव्हे. साडूंशी, किंवा त्या झाडाशी. "हिथं बसाचा माजा बा. ह्याच फांदीवं. ती बग खारी. बंदर दिसतंय... मचवं लागाचं तिथं. आमी पोरां हिथनं बोंबलाचो." मुलगा एकदा म्हणाला, "बाबा, उतरा आता," पण त्याचाही आवाज खाली आला होता. नळ धरून माझ्या हाताला मुंग्या आल्या. वर साडू, ज्यांना उभ्या जन्मात कोणी गप्प बसवू शकलं नव्हतं, ते एक अक्षर बोलत नव्हते. 

शेवटी पाटील म्हणाले, "घे आता खाली."

मी नळ पिळला. सुस्कारा सोडल्यासारखा आवाज करत तो लोखंडी हात इंच इंच खाली आला. पाटलांच्या हातात एकही आंबा नव्हता. तोडायचं विसरले होते. तळव्याला चीक लागला होता तेवढा. उतरताना साडूंचा खांदा धरून ते म्हणाले, "बेस हाय तुजा जनावर." साडूंनी मान हलवली. घरी परतताना वाटेत किती झाडं लागली, त्यांनी एकाकडेही पाहिलं नाही.

पावसाळ्यानंतर झाडं कापायला माणसं आली. कंत्राटदार साडूंना शोधत यंत्राशी आला आणि म्हणाला, "साहेब, दोन दिवस मशीन द्या ना. वरच्या फांद्या छाटायला एकदम बेस्ट आहे. जे काय असेल ते देऊ." ड्राफ्ट्समनच्या नोकरीत पेन्सिलीची रेघसुद्धा कधी खोटी न मारलेला तो माणूस त्याच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाला, "ते बिघडलंय." मागे इंजिन चालू होतं. व्यवस्थित, एका लयीत चालू होतं. कंत्राटदाराने इंजिनाकडे पाहिलं, साडूंकडे पाहिलं, आणि निघून गेला.

यंत्राला जागा उरली नाही. कोकणातल्या एका शेतकी शाळेचे गुरुजी कोणाकडून तरी ऐकून आले आणि मुलांना दाखवायला न्यायला तयार झाले. ट्रकवर चढवताना साडूंनी त्यांना तेल कुठलं, सील कुठलं, थंडीत सुरू कसं करायचं हे सगळं सांगितलं. गुरुजी मान डोलवत होते. शेवटी साडूंनी विचारलं, "चालवाल ना पण?"

"चालवू की," गुरुजी म्हणाले. ज्या सुरात माणसं 'येऊ की एकदा' म्हणतात, त्या सुरात. साडूंना तो सूर कळला. त्यांनी ताडपत्रीची दोरी पुन्हा एकदा ओढून पाहिली आणि ट्रकला वाट दिली.

पुढच्या रविवारी सकाळी मी कितीतरी वर्षांनी घरी होतो. पेपर वाचून झाला, पुन्हा वाचून झाला. अकराच्या सुमारास बेल वाजली. दारात साडू होते, परीटघडीचे कपडे घातलेले. आत येऊन खुर्चीवर बसले, चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "मग? तुमचं कसं काय चाललंय, साडूभाऊ?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला हे कधी विचारलं नव्हतं. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मी काहीतरी ऑफिसचं सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत होते आणि ते लक्ष देऊन ऐकतायत हेच मला सोसेना. मी उठलो, पायात चपला सरकवल्या आणि म्हटलं, "चला, उठा. मोहन्याला जाऊन येऊ. त्या भंगारवाल्याकडे नवीन काय आलंय बघू."

साडूंनी खिडकीबाहेर पाहिलं. थोडे हसले.

"नको," ते म्हणाले. "आज ऊन फार आहे."

डिसेंबर महिना होता. बायको शाल पांघरून उभी होती. मी चपला काढल्या आणि त्यांच्यासमोर बसलो. तिने न विचारता पुन्हा चहा टाकला.